घाटात ब्रेक मऊ पडले, आता पैसा आधी कुठं घालायचा?

भावा, तुझा प्रश्न नीट दोनदा वाचला. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली, घरचे पाच जण आणि डिकी भरून सामान घेऊन अनगोळहून कुलदेवीला म्हणून गोव्याला निघालात, जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला उतरायला लागलात, अर्ध्या घाटात आई म्हणाली "कसला जळका वास येऊलालाय बघ रे", आणि शेवटच्या वळणांवर पेडल एकदम मऊ, दोनदा पंप केलं तेव्हा कुठं गाडी आवरली. खाली अर्धा तास थांबलात तर पेडल परत आधीसारखं. आता मित्र म्हणतोय भोकाच्या डिस्क आणि लाल कॅलिपरचा किट बसव, चाळीस हजार जाऊ देत पण टेन्शन जाईल, गॅरेजवाला म्हणतोय नुसते पॅड बदल, आणि शेवटी एका ओळीत तू लिहिलंयस की गाडी पप्पा चालवत होते आणि उतारावर ते पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकतात. खरं सांगू, सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती.

मी बेळगावला उद्यमबागेत एकवीस वर्षं ब्रेकचंच काम करतो. थोडं लांबेल, पण घरची माणसं बसवून घाट उतरायचा विषय आहे त्यामुळं दोन ओळीत उरकणार नाही.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, पॅड तिला दोन्हीकडनं घासून थांबवतात, आणि ब्रेक ऑइलच्या जोरावर पॅड दाबतो तो कॅलिपर, एवढं लक्षात ठेव. पहिलं म्हणजे किट नको. तुझ्या गाडीच्या ब्रेकची ताकद कमी पडलेली नाही, त्यांना उष्णता झेपली नाही, आणि ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताकद कमी आहे का ते ओळखायची सोपी खूण आहे. मोकळ्या रस्त्यावर मागं कोण नाही बघून ६० च्या स्पीडला ब्रेक दाबून धरला आणि एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, कटकट कटकट करायला लागलं, की ब्रेककडं टायरला पेलवेल त्यापेक्षा जास्त ताकद आहे हे तिथंच कळतं. मग वर अजून मोठा कॅलिपर बसवून गाडी एक फूटही आधी थांबणार नाही, कारण शेवटी थांबवतो टायर.

आता उष्णतेचा हिशेब बघ, तो डोक्यात बसला की बाकी सगळं आपोआप कळतं. पाच माणसं आणि सामान धरून तुझी गाडी १३०० किलो पकडू. घाटात ती ५०० मीटर खाली आली असं धरलं तर त्या उतारातनं जी ऊर्जा निघते ती ६४ लाख जूलच्या आसपास येते. म्हणजे घरी येतो तो २० लिटरचा पाण्याचा कॅन साध्या पाण्यापासून उकळीपर्यंत न्यायला लागेल एवढी. १०० च्या स्पीडवरनं एकदा पूर्ण थांबायला पाच लाख जूल लागतात, म्हणजे घाट एकदा उतरणं हे १०० वरनं बारा-तेरा वेळा थांबण्याएवढं झालं, तेही मध्ये गार व्हायला धड वेळ न देता. ह्यातली थोडी हवा खाते, थोडी टायर खातात, गिअरमध्ये असशील तर बराच मोठा वाटा इंजिन खातं, आणि उरलेली सगळी पुढच्या दोन डिस्कवर, ज्या एकेक चार-पाच किलोच्या असतात. न्यूट्रल टाकलं की इंजिनाचा वाटा शून्य. तो पण त्या दोन डिस्कच्या डोक्यावर. पप्पांनी पेट्रोल वाचवलं असं वाटलं, पण खर्च ब्रेकवर पडला.

तापून ब्रेकची पकड जाते त्याला फेड म्हणतात, पण तो एकच प्रकार नाही, आणि कुठला झालाय ते पेडलच सांगतं. पेडल दगडासारखं कडक आहे, पाय जोरात दाबतोय पण गाडी थांबतच नाही, वास प्रचंड, तर तो पॅडचा फेड. पॅड त्याच्या मर्यादेच्या वर तापला, त्यातला मसाला धरून ठेवणारा रेझिन जळायला लागला, आणि पॅड-डिस्कमधली पकड गेली. पण पेडल मऊ झालं, खाली जायला लागलं, पंप केल्यावर थोडं वर आलं, आणि गाडी गार झाल्यावर परत जसंच्या तसं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. कॅलिपरजवळच्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले. पातळ पदार्थ दाबला जात नाही म्हणून ब्रेक चालतो, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळं पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो आणि पिस्टनपर्यंत काही पोचत नाही. तुझं हेच झालंय. वास आला म्हणजे पॅड पण तापले होते, पण पेडल मऊ पाडलं ते ऑइलनं. म्हणून गॅरेजवाला म्हणतोय तसं नुसते पॅड बदललेस तर पुढच्या वेळी तेच वळण आणि तेच पेडल.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी नवीन असताना एका गिऱ्हाइकाची व्हॅन आली होती, पॅड संपलेले. मी नवीन पॅड टाकले. ब्रेक ऑइल काळं होतं, मला दिसत होतं, त्यांनी म्हटलं ते राहू दे पुढच्या वेळी बघू, आणि मी राहू दिलं. आंबोलीपर्यंत ट्रायलला मीच गेलो, बाची-शिनोळीवरनं वर जाऊन सावंतवाडीच्या बाजूला घाट उतरलो. चौथ्या की पाचव्या वळणावर पाय दाबला तो सरळ बुडाला लागला. आजपण तो पाय आठवतो, खाली काहीच नाही असं वाटलं. दुसरा गिअर घालून, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूच्या गटारीत चाक घातलं तेव्हा व्हॅन थांबली. गाडीत मी एकटा होतो आणि समोरनं कोण येत नव्हतं म्हणून निभावलं. चूक गिऱ्हाइकाची नव्हती, माझी होती, कारण मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. त्या दिवसापासनं ब्रेक ऑइल बघितल्याशिवाय मी पॅडला हात लावत नाही.

ब्रेक ऑइल म्हणतो आपण, पण ते ऑइल नव्हेच. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, झाकण बंद असलं तरी रबरी होजमधनं हळूहळू ओलावा जातोच. आपल्याकडचा पावसाळा बघ, जांबोटी-कणकुंबीकडं तर चार महिने कपडे वाळत नाहीत. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा प्रकार सांगणारा नंबर. डॉट ३ ऑइल नवीन असताना २०५ डिग्रीला उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की १४० ला. डॉट ४ नवीन २३०, ओलं झाल्यावर १५५. डॉट ५.१ नवीन २६०, ओलं १८०. हे आकडे कमीत कमीचे आहेत, चांगलं ऑइल ह्याच्या वर असतं, पण फरक लक्षात घे. सात वर्षं न बदललेल्या भारी ऑइलपेक्षा काल भरलेलं साधं डॉट ३ चांगलं. तू लिहिलंस की "ऑइलची लेव्हल बरोबर होती". लेव्हल बरोबर असतेच की, पाणी गेलंय ते लेव्हलवर कसं दिसणार!

म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ब्रेक ऑइल बदलायचं, किलोमीटर किती का झालेले असेनात. तुझ्या गाडीत काय चालतं ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, दोन्ही ग्लायकॉलचीच आहेत. डॉट ५ मात्र चुकूनही घालायचं नाही, ते सिलिकॉनचं असतं, ५ आणि ५.१ मध्ये नावाचाच गोंधळ आहे, वस्तू एकदम वेगळ्या आहेत. रेसिंगचं ऑइल पण नको, उकळायचं तापमान जास्त असतं खरं पण ते सारखं सारखं बदलायला लागतं, घरच्या गाडीला ते परवडत नाही. आणि सील फोडलेला, वर्षभर कपाटात पडलेला अर्धा डबा वापरू देऊ नकोस, नवीन डबा तुझ्यासमोर फोडायला सांग, चार-पाचशे रुपयांचा तर विषय आहे.

एक वेगळा धोका सांगून ठेवतो. टाकीत कधी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑइल टॉपअप म्हणून गेलं तर ब्रेकमधले सगळे रबर फुगतात. एक गाडी अशी आली होती, टाकीच्या झाकणातला रबर फुगून फुलासारखा झालेला, परत बसतच नव्हता, ते बघूनच कळलं. त्या गाडीला मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग), कॅलिपरच्या रबरांच्या किट, होज, सगळं बदलायला लागलं. दुसरा उपाय नसतो.

बदलताना समोर उभा राहा. नुसतं टाकीतलं उपसून नवीन ओतलं म्हणजे बदललं असं नव्हे, उकळतं ते कॅलिपरमधलं, टाकीतलं नव्हे. चारी चाकांजवळचे ऑइल सोडायचे निपल उघडून, पारदर्शक नळी लावून, आधी चहाच्या रंगाचं येतं ते निघून फिकट पिवळं येईपर्यंत काढायचं. टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, एबीएसच्या युनिटमध्ये एअर गेली तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावून काढायला लागते. अजून एक, जुन्या गाडीचं पेडल पंप करताना पार तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलेंडरचा शेवटचा भाग एरवी कधी वापरातच येत नाही, तिथं गंज धरलेला असतो आणि त्यावरनं सील गेला की फाटतो. आम्ही पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. ठोकळा ठेवणारा मिस्त्री दिसला की तिथं गाडी निर्धास्त द्यावी.

आता पॅड. गॅरेजवाला पॅड बदल म्हणतोय ते चूक नाही. बाहेर काढून बघ, घासणारा भाग काचेसारखा चमकत असेल, किंवा कड नखानं खरवडल्यावर भुकटी पडत असेल, तर ते जळलेत, जाडी कितीही राहिली असली तरी काढून टाक. नवीन घेताना पॅडच्या पाठीवर किंवा कडेला एक लांब नंबर छापलेला असतो, त्यात दोन इंग्रजी अक्षरं बघायची, एफ एफ, जी एफ, एफ ई असं काहीतरी. पहिलं अक्षर गार असतानाची पकड, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणाचा आकडा ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं एफ आणि दुसरं ई म्हणजे तापल्यावर पकड कमी होते, घाटवाल्यानं असला पॅड घेऊ नये. एफ एफ घे, दोन्हीकडं सारखा. ही अक्षरं म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे, प्रयोगशाळेतल्या एका ठरावीक चाचणीचा निकाल आहे एवढंच, पण दुकानात उभा राहून हातात तेवढं तरी कळतं. अक्षरंच नसतील, डब्यावरचं छपाईचं शाईकाम फिसकटलेलं असेल आणि किंमत निम्मी असेल तर तो माल परत दे. डुप्लिकेट पॅड इथल्या बाजारात भरपूर आहेत, आणि त्यातला मसाला पत्र्यापासनं सुटलेला मी हातात घेऊन बघितलाय.

कंपनीचे ओरिजिनल पॅड तुझ्यासारख्या वापराला पुरतात. वर्षात आठ-दहा वेळा गोवा, सावंतवाडी होत असेल तर चांगल्या कंपनीचे सेमी-मेटॅलिक घे, उष्णता जास्त सोसतात, थोडा आवाज करतील, अलॉयची चाकं काळी करतील, डिस्क थोडी जास्त खातील, ते चालवून घ्यायचं. ट्रॅकवरचे रेसिंग पॅड घेऊ नकोस. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि सकाळी टिळकवाडीच्या गेटजवळ एखादं पोर आडवं आलं तर तुझे पॅड गारच असणार.

नवीन पॅड बसवले की बेडिंग करायचं, म्हणजे पॅड डिस्कवर घासून नीट बसवायचे, ही गोष्ट कोण करत नाही आणि मग म्हणतात नवीन पॅडला पकड नाही. सकाळी लवकर मोकळा रस्ता बघून ६० वरनं १० पर्यंत जरा दमदार ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत ६०, परत १०, असं आठ-दहा वेळा, आणि मग दहा मिनिटं ब्रेक शक्य तेवढा न लावता गाडी चालवून गार करायची. मध्ये थांबून पेडल दाबून बसलास तर गरम पॅडचा छाप डिस्कवर एकाच जागी उठतो आणि नंतर स्टेअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकडी झाली म्हणतात, पण पुष्कळदा डिस्क सरळच असते, पॅडचा थर कमीजास्त बसलेला असतो. पॅड आज बसवले आणि उद्या चोर्ला, असं करू नकोस. नवीन पॅड पहिल्यांदा कडक तापला की त्यातनं गॅस निघतो आणि पकड अचानक कमी होते. आठवडाभर गावात चालव मग जा.

डिस्कबद्दल बेळगावच्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण प्रत्येकाच्या घरातलं कोण ना कोण फाउंड्रीत असतंय. डिस्क ग्रे कास्ट आयर्नची असते, उद्यमबाग-मच्छेला रोज ओतलं जातं तेच कुळ. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पाकळ्या उष्णता पटकन पसरवतात आणि थरथर पण गिळतात, म्हणून इतकी वर्षं झाली तरी डिस्क बीडाचीच, म्हणजे ह्या कास्ट आयर्नचीच. आणि बीड किती उष्णता पोटात घेईल ते त्याच्या वजनावर. डिस्क झिजून पातळ झाली की वजन गेलं, तेवढीच उष्णता कमी लोखंडात, म्हणजे तापमान जास्त. डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेला कमीत कमी जाडी ओतलेली असते, मिनिमम थिकनेस, व्हर्नियर लावून बघ. कड उठून आलेली असते म्हणून व्हर्नियर फसवतो, मायक्रोमीटर बरा. लेथवर फेसिंग करून घेता येतं, पण फेसिंग झाल्यावर जाडी त्या आकड्याच्या वर उरायला पाहिजे, नाहीतर नवीन जोडी टाक. एकच बाजू बदलायची नाही कधी.

आता मित्राची भोकाची डिस्क. भोकं पाडायची पद्धत आली तेव्हाच्या पॅडमधनं गॅस फार निघायचा, त्याला वाट पाहिजे होती. आजच्या पॅडला तेवढी गरज नाही. भोकं पाडली म्हणजे बीड कमी केलं, आणि घाटात तर बीडच पाहिजे आपल्याला. शिवाय तापणं-गार होणं चालू राहिलं की भोकाच्या कडेपासनं बारीक तडे सुरू होतात. नुसत्या तिरक्या खाचांची डिस्क असेल तर हरकत नाही, पॅडचा चेहरा साफ ठेवते, पावसात पाणी झाडते, पण त्यानं तुझा प्रश्न सुटत नाही. पुढं आतून पोकळ, हवा खेळणारी व्हेंटेड डिस्क असेल, जी तुझ्या गाडीत बहुतेक असणार, तर कंपनीची नवी साधी डिस्क सगळ्यात उत्तम.

मोठ्या किटला मी सरसकट वाईट म्हणत नाही. डिस्क मोठी म्हणजे लोखंड जास्त, उष्णता जास्त मावते, ते खरंच आहे. ज्यानं इंजिन रिमॅप करून ताकद वाढवलीय, कोइमतूरला कारी ट्रॅकवर गाडी नेतो, त्यानं विचार करावा. पण त्यात काय काय येतं बघ. चाक मोठं लागतं, नाहीतर कॅलिपर रिमला घासतो. मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, मास्टर सिलेंडर तोच ठेवला तर पेडल लांब जातं. पुढचा ब्रेक एकदम वाढला आणि मागचा तोच राहिला तर कंपनीनं जुळवलेला तोल बिघडतो, एबीएसचं गणित पण मूळ मापांवर बसवलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये ते परत ठणकावून सांगितलंय. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले हीच गोष्ट पुढं करू शकतात.

त्यापेक्षा जे बसलंय ते पूर्ण क्षमतेनं चालतंय का ते बघ, निम्म्या गाड्यांत चालत नसतंय. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना काढून बघायला सांग. आपली तांबडी माती, चिखल, पिनेवरच्या फाटलेल्या रबरी बुटातनं आत जातो आणि पिन धरते, मग आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा नवाकोरा. किंवा कॅलिपर सुटतच नाही, पाय काढला तरी पॅड घासत राहतो आणि घाट सुरू व्हायच्या आधीच डिस्क तापलेली. पिना साफ करून सिलिकॉनचं किंवा ब्रेकचं वेगळं ग्रीस येतं तेच लावायचं, चॅसिसचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगून पिन परत धरते. मागच्या चाकांत डिस्कऐवजी ड्रम असतो, त्याच्याकडं तर कोणाचं लक्षच नसतं. ड्रम उघडून आतले घासणारे लायनर, व्हील सिलेंडरला ओल आहे का, ॲडजस्टर फिरतोय का बघायचं. ॲडजस्टर गंजला की मागचे लायनर लांब राहतात, पेडल खाली जातं, आणि सगळं काम परत पुढच्या डिस्कवर. हँडब्रेक सात-आठ दातांवर जाऊन धरत असेल तर नुसती केबल ओढून देतात लोक, आत ॲडजस्टर बघत नाहीत.

सात-आठ वर्षांचे रबरी होज असतील तर ते पण वाकवून बारीक तडे बघ, तडे असतील तर बदल. स्टीलच्या जाळीचे होज पेडल जरा कडक करतात, छान वाटतं, पण फेडला त्याचा काही उपयोग नाही.

आणि टायर. ८० च्या स्पीडला कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी साधारण ३२ मीटरमध्ये थांबते. तोच रस्ता ओला आणि टायर घासलेला असेल, पकड ०.८ ची ०.५ झाली, तर ५० मीटर. पाय ब्रेकवर जायच्या आधीच एका सेकंदात २२ मीटर गाडी गेलेली असते ते वेगळंच. ऊस सुरू झाला की संकेश्वर-निपाणीकडं रात्री विना दिव्याची ट्रॉली समोर दिसते तेव्हा ह्या १८ मीटरमध्ये सगळं येतं. चाळीस हजार खरंच खर्चायचे असतील तर त्यातले निम्मे टायरला घाल, मी स्वतः घरच्या गाडीला तेच केलंय.

आता पप्पांचा विषय. जुनी माणसं कार्बोरेटरच्या गाड्या चालवलेली, त्यांना न्यूट्रलची सवय आहे, त्यांना दोष देऊ नकोस. पण त्यांना हे सांग की आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला इंजिन आयडलिंगवर राहायला पेट्रोल पितंच. म्हणजे न्यूट्रलनं वाचत नाही, जातं. आणि कोण चावी बंद करून उतरत असेल तर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधलं व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पाय दाबेपर्यंतच पुरतं, मग पेडल दगड होतं आणि स्टेअरिंगपण जड.

चोर्ला, अनमोड, आंबोली, कुठला का घाट असेना, ज्या गिअरमध्ये चढायला लागली असती त्याच गिअरमध्ये उतरायचं, भरल्या गाडीला तीव्र वळणांवर दुसरा. इंजिन ओरडतंय म्हणून घाबरायचं कारण नाही, साडेतीन-चार हजार आरपीएमला त्याला काही होत नाही. गिअर घाट सुरू व्हायच्या आधीच घालायचा, स्पीड चढल्यावर नव्हे. आणि पेडलवर सतत हलका पाय ठेवून घासत उतरणं सोडायचं. ४५ झाली की ३० पर्यंत ठामपणे आणायची, पाय पूर्ण काढायचा, परत तसंच. पाय काढलेला असतो तेवढ्यात डिस्कला वारा लागतो. खरं तर एकूण उष्णता स्पीड आणि गिअरच ठरवतात, म्हणून स्पीड कमी हेच मुख्य, ८० ऐवजी ४० असेल तर प्रत्येक वळणाला थांबवायची ऊर्जा चौथाई. निपाणीच्या तवंदी घाटात हायवे रुंद आहे म्हणून लोक लक्षात घेत नाहीत, उतार तो उतारच.

आंबोलीला धबधब्याजवळ मी एकदा बघितलं, एका माणसानं चाकातनं धूर येतोय म्हणून बाटलीभर गार पाणी थेट डिस्कवर मारलं. चर्र करून आवाज आला आणि वाफ. नंतर ती डिस्क माझ्याकडंच आली, निळी पडलेली, आणि टॉर्च तिरपा धरल्यावर आडवे बारीक तडे दिसत होते. पाणी मारायचं नाही, वारा लागू द्यायचा. तापलेल्या गाडीला लगेच हँडब्रेक पण ओढू नकोस, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लाव.

आणि कधी पेडल गेलंच, तर झपाझप पंप करायचं, एकेक गिअर खाली आणायचा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढायचा म्हणजे मागची चाकं लॉक होणार नाहीत, हॉर्न-लाईट चालू, आणि गाडी दरीकडं नाही, डोंगराच्या बाजूला. इंजिन बंद करायचं नाही. घरात जे जे गाडी चालवतात त्यांना हे एकदा बसवून सांग.

तेव्हा तुझ्यासाठी ह्या आठवड्यातलं काम म्हणजे सगळं ब्रेक ऑइल नवीन, डॉट ४. पुढचे पॅड एफ एफ. डिस्कची जाडी मोजून मग निर्णय, चारी चाकांचे कॅलिपर-ड्रम उघडून साफ. किटच्या रकमेत हे सगळं होऊन टायरला पैसे उरतील. नंतर बेडिंग, आठवडाभर गाव, आणि मग एकदा दोघंच, तू आणि पप्पा, रिकाम्या गाडीनं सकाळी चोर्ला उतरा, गिअर सांगायचं काम तू कर. खाली सपाटीला आल्यावर दोन किलोमीटर तशीच चालवून मग थांबवा आणि चारी चाकांजवळ हात न लावता तळवा धरून बघ. पुढची दोन्ही सारखी गरम लागली पाहिजेत. एक जास्त गरम असेल तर कुठलं ते लक्षात ठेवून येताना गाडी सरळ माझ्याकडं आण, त्या बाजूची पिन नाहीतर होज धरलेला असतोय.